सौदा निघाला की पट्टी अडकते: क्लाउड डेटाबेसची कंपनी बदलण्याआधी काय तपासायचं

लातूर, नांदेड, हिंगोली, जालना, कुठल्याही मोंढ्यात जा, आडतीचं बिलिंग आता बऱ्याच ठिकाणी क्लाउडवरच्या डेटाबेसवर चालतं. सोयाबीनच्या हंगामात तक्रारही सारखीच ऐकू येते. सकाळी दहाला सगळं सुरळीत असतं. सौदा निघतो, वजनं होतात, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, काउंटरला येतो आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. थोड्या वेळाने किंवा सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर काम सुरू होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कुणी म्हणतं मोठा प्लॅन घ्या, कुणी म्हणतं कंपनीच बदला.

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. रोज ठरावीक वेळी अडकणाऱ्या डेटाबेसमागे बहुधा चार कारणांपैकी एक सापडतं: कुणीतरी धरून ठेवलेलं लॉक (एकाने नोंद धरली की बाकीच्यांना थांबावं लागतं), संपलेली कनेक्शनं (डेटाबेसला एका वेळी जोडता येणाऱ्या जोडण्या), डिस्कचा संपलेला बर्स्ट (काही काळापुरता मिळणारा जादा वेग), नाहीतर सर्व्हरचं अंतर. पहिली दोन तुमच्या प्रोग्रॅमची आहेत, त्यामुळे ती नव्या कंपनीकडेही तुमच्याबरोबर जाणार. उरलेल्या दोघांत कंपनी आणि प्लॅनच्या निवडीचा खरा संबंध येतो.

रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी

पुरावा रीस्टार्टमध्ये पुसला जातो, म्हणून काउंटरवर कितीही गडबड असली तरी आधी दोन मिनिटं डेटाबेसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल जो असेल त्यात, डोकवा. पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हा व्ह्यू (सध्या कोण काय करतंय त्याची यादी) उघडा आणि स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, एक्सॅक्ट_स्टार्ट, क्लायंट_अ‍ॅड्र आणि क्वेरी एवढे कॉलम घ्या. मायएसक्यूएलमध्ये शो फुल प्रोसेसलिस्ट चालवा आणि जोडीला इन्फर्मेशन_स्कीमामधलं इनोडीबी_टीआरएक्स पाहा.

एक ओळ "आयडल इन ट्रान्झॅक्शन" म्हणून, म्हणजे सुरू केलेलं काम पूर्ण न करता, बराच वेळ पडलेली आहे आणि बाकीच्यांच्या वेट_इव्हेंट_टाइपमध्ये "लॉक" दिसतंय, तर कारण लॉक. आत शिरतानाच "टू मेनी कनेक्शन्स" किंवा "टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" आलं तर कनेक्शनं संपली. सगळ्या क्वेऱ्या अ‍ॅक्टिव्ह आहेत आणि "आयओ"वर थांबल्यात, तर डिस्क. आणि दुकानात चक्र फिरत असताना डेटाबेस मात्र निवांत बसलेला दिसला तर दोष इंटरनेटच्या लाइनीत, अंतरात किंवा प्रोग्रॅममध्ये शोधा.

हे दरवेळी हाताने पाहणं जमणार नाही. दर मिनिटाला या व्ह्यूची नक्कल एका वेगळ्या टेबलात टाकणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा आणि सात दिवसांपेक्षा जुनं पुसत जा. पोस्टग्रेसमध्ये लॉग_लॉक_वेट्स ऑन करा आणि लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ५०० मिलिसेकंदांवर आणा. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग मुळात १० सेकंदांच्या वरच्याच क्वेऱ्या पकडतो, म्हणून लाँग_क्वेरी_टाइम १ करा. दोन-तीन बाजारदिवसांत चित्र स्पष्ट होतं.

लाइट गेली आणि पट्टी नंबर अडकून बसला

मराठवाड्यात हे कारण सगळ्यात जास्त भेटतं आणि सगळ्यात कमी ओळखलं जातं.

पट्टीचे नंबर सलग हवेत, मध्ये एकही गाळायचा नाही, अशी आडत्याची मागणी असते. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स किंवा मायएसक्यूएलचं ऑटो इन्क्रिमेंट, ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारा नोंदींचा गट) फसलं की नंबर गाळतं. त्यामुळे प्रोग्रॅमर शेवटचा नंबर एका टेबलात ठेवतो आणि ती ओळ "सिलेक्ट फॉर अपडेट"ने धरून पुढचा नंबर देतो. इथवर चूक नाही. चूक होते ती मुनीमजी पट्टीचा फॉर्म उघडतात तेव्हाच ट्रान्झॅक्शन सुरू करण्यात. कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल भरून प्रिंट निघेपर्यंत ती ओळ धरलेली राहते.

अशात लाइट जाते. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण राउटर किंवा फायबरचा डबा बंद पडतो. कनेक्शन तुटल्याचा निरोप डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या दृष्टीने समोरचा माणूस अजून विचार करतोय, आणि नंबरची ओळ त्याच्याच नावावर आहे. बाकीच्या सगळ्या काउंटरचं "सेव्ह" तिथे येऊन थांबतं.

किती वेळ? लिनक्सची मूळ टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का ही चौकशी) सेटिंग असेल तर पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. म्हणजे २ तास ११ मिनिटं. काही कंपन्या ही सेटिंग आधीच कमी करून देतात, तेव्हा शो टीसीपी_कीपअलाइव्ह्स_आयडल चालवून तुमची पाहून घ्या. पोस्टग्रेसचा लॉक_टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणून बाकीचे निमूट वाट पाहत बसतात. मायएसक्यूएल ५० सेकंदांनी १२०५ नंबरची "लॉक वेट टाइमआउट" चूक देतं, म्हणून तिथे तक्रार "अडकतं" अशी न येता "एरर येतो" अशी येते. रोग एकच.

तात्पुरता उपाय: पीजी_ब्लॉकिंग_पिड्सने कोण अडवतंय ते शोधा आणि तेवढंच सेशन पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने बंद करा. मायएसक्यूएलमध्ये किल. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर साधं किल नाकारलं गेलं तर आरडीएस_किल ही प्रोसीजर आहे. अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नसते.

कायमचा उपाय दोन पातळ्यांवर करा. सेटिंगमध्ये आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ३० सेकंद ठेवा, कीपअलाइव्ह ६० सेकंद आयडल, १० सेकंद इंटरव्हल आणि ३ वेळा, म्हणजे मेलेलं कनेक्शन दीड मिनिटात कळतं. मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो. तो ३०० वर आणा.

सेटिंगने दुखणं आटोक्यात येतं, बरं होतं ते कोड बदलल्यावर. फॉर्म भरताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूच नका. सगळी माहिती गोळा झाली की एका झटक्यात नंबर घ्या, ओळी टाका, कमिट करा. हे काम काही मिलिसेकंदांत होतं. दुकानाचा कॉम्प्युटर थेट डेटाबेसला जोडलेला असेल तर मध्ये एक छोटा एपीआय सर्व्हर (दुकानाची मागणी घेऊन डेटाबेसशी बोलणारा) ठेवा, तोही डेटाबेसच्याच रिजनमध्ये (कंपनीचे सर्व्हर असलेल्या शहरात). मग मोंढ्यात लाइट गेली तरी ट्रान्झॅक्शन त्या दोन सर्व्हरच्या मध्ये पूर्ण होऊन जातं.

त्यातून एक नवा प्रश्न निघतो, त्याची तजवीज आधीच करा. पट्टी सेव्ह झाली पण उत्तर दुकानात पोहोचायच्या आत लाइट गेली, तर लाइट आल्यावर मुनीमजी पुन्हा "सेव्ह" दाबतात आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे, इथे ढिलाई चालत नाही. फॉर्म उघडतानाच दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब ओळखक्रमांक) तयार करा, तो पट्टीबरोबर पाठवा आणि टेबलात त्यावर युनिक इंडेक्स ठेवा. दुसऱ्यांदा तोच यूयूआयडी आला तर नवी नोंद न करता जुनीच पट्टी परत द्या.

कनेक्शनं कुठे जातात

पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनं, त्यातली ३ अ‍ॅडमिनसाठी राखीव. मायएसक्यूएलची १५१. क्लाउडवर हा आकडा रॅमवर ठरतो आणि छोट्या प्लॅनमध्ये बराच खाली येतो. आरडीएसवर मायएसक्यूएलसाठी रॅमच्या बाइट्सना १,२५,८२,८८० ने भागतात. १ जीबीला कागदावर ८५ येतात, पण सिस्टीमची रॅम वजा होत असल्याने हातात त्याहून कमी पडतात. डिजिटलओशनच्या मॅनेज्ड पोस्टग्रेसवर दर जीबीला २५, त्यातली ३ राखीव. गूगल क्लाउड एसक्यूएलच्या सगळ्यात छोट्या पोस्टग्रेस मशीनवरही २५. किंमत पाहताना हा आकडा कुणी पाहत नाही, आणि अडतं ते इथेच.

आता खर्च मोजा. प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रोसेसचा (वर्करचा) स्वतःचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, असतो. लायब्ररीप्रमाणे आकडा बदलतो: हिकारीसीपी मुळात १० कनेक्शनं धरतं, नोडचं पीजी १०, एसक्यूएलअल्केमी ५ आणि गरज पडली तर आणखी १०. एसक्यूएलअल्केमीचे चार वर्कर गुणिले १५ म्हणजे ६०. नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे वर्कर काही काळ एकत्र चालतात, म्हणजे १२०. सकाळी अपडेट टाकलं की एरर येतो आणि दहा मिनिटांनी आपोआप जातो, त्यामागे हेच गणित असतं.

मर्यादा वाढवणं हा पहिला उपाय समजू नका. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते आणि ती रॅम खाते. १ जीबीच्या मशीनवर ३०० कनेक्शनं उघडली तर मशीनच मान टाकेल. पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावा, डेटाबेसच्या बाजूला १५ ते २० कनेक्शनं ठेवा. पन्नास काउंटरना तेवढी पुरतात, कारण प्रत्येक काउंटर बहुतेक वेळ टायपिंगच करत असतो. या मोडमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट चालवायची तर पीजीबाउन्सर १.२१ किंवा त्यापुढचा हवा आणि मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स सेट केलेलं हवं. सेशनवर अवलंबून असलेल्या गोष्टी, सेशन पातळीचे अ‍ॅडव्हायझरी लॉक किंवा लिसन-नोटिफाय, त्यात चालत नाहीत.

रोज पावणेबाराच्या सुमारास मंदावतं

आरडीएसवर जुना जीपी२ प्रकारचा स्टोरेज असेल तर हे गणित जरूर करा. जीपी२ मध्ये दर जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) मिळतात, कमीत कमी १००. म्हणजे २० जीबीच्या डिस्कचा हक्काचा वेग १०० आयओपीएस. वर ५४ लाख क्रेडिटची शिल्लक असते, तिच्या जोरावर ती ३,००० पर्यंत धावते. दहाला काम सुरू झालं आणि सरासरी १,००० आयओपीएस लागत राहिले, तर दर सेकंदाला ९०० क्रेडिट खर्च होतात. ६,००० सेकंदांत, म्हणजे ११ वाजून ४० मिनिटांनी शिल्लक शून्य, आणि वेग एकदम १०० वर येतो. रिकामी शिल्लक पूर्ण भरायला १५ तास लागतात. संध्याकाळी सातला बाजार थंडावतो, सकाळी दहाला शिल्लक पुन्हा भरलेली. म्हणून हा त्रास घड्याळ लावल्यासारखा रोज त्याच वेळी येतो आणि रीस्टार्टने जात नाही.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये बर्स्टबॅलन्सचा आलेख उघडा. दहापासून उतरत जाऊन शून्याला टेकलेली रेघ आणि त्याच मिनिटाला वर चढलेली डिस्कक्यूडेप्थ दिसली की निदान झालं. स्टोरेज जीपी३ करा, तिथे ३,००० आयओपीएस कायमचे मिळतात. बदल चालू डेटाबेसवर होतो, पण त्यानंतर किमान सहा तास स्टोरेजमध्ये दुसरा बदल करता येत नाही, म्हणून आकार वाढवायचा असेल तर त्याच वेळी वाढवा.

तरीही पाचसहा लाख पट्ट्यांच्या डेटाबेसला इतके आयओपीएस लागतातच का, हे विचाराच. उत्तर बहुधा इंडेक्समध्ये (नोंद पटकन शोधून देणाऱ्या सूचीत) असतं. "डेट(पट्टी_तारीख) बरोबर आजची तारीख" अशी अट लिहिली की तारखेवरचा साधा इंडेक्स वापरला जात नाही आणि अख्खं टेबल वाचलं जातं. अट "आजच्या बारापासून उद्याच्या बारापर्यंत" अशी लिहा आणि आडत-क्रमांक व तारीख यांचा एकत्र इंडेक्स ठेवा. शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावून शोधणं हाही तसाच प्रकार, तो साधा इंडेक्स निकामी करतो. मोबाइल नंबर किंवा खाते क्रमांकावर शोध द्या. नाव हवंच असेल तर पोस्टग्रेसमध्ये पीजी_टीआरजीएमचा इंडेक्स आहे. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ, बफर्ससकट, चालवून आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा.

सीपीयूचंही क्रेडिट असतं, पण प्रत्येक कंपनीची वागणूक वेगळी. आरडीएसचे टी३ वर्ग क्रेडिट संपलं तरी धावतात आणि जादा वापराचं बिल लावतात. अ‍ॅझुरचे बर्स्टेबल वर्ग क्रेडिट संपलं की हळू होतात. हंगामात चालणाऱ्या धंद्यासाठी आमचं मत पहिल्या बाजूचं: काउंटर थांबण्यापेक्षा बिल थोडं वाढलेलं बरं.

सर्व्हर आहे कुठे

खातं उघडताना रिजन बदलायचं राहून गेलं आणि डेटाबेस अमेरिकेत व्हर्जिनियाला बसला, असं अजूनही दिसतं. मुंबईहून तिथली फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. एक पट्टी सेव्ह करायला प्रोग्रॅम ४० क्वेऱ्या एकामागून एक पाठवत असेल तर नुसत्या प्रवासात ८ सेकंद गेले. मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत २५ मिलिसेकंद धरले तर तेच काम १ सेकंदात. एपीआय डेटाबेसच्या शेजारी ठेवला तर दुकानातून एकच फेरी आणि बाकीच्या ४० क्वेऱ्या तिथल्या तिथे.

अ‍ॅमेझॉनचे रिजन मुंबई (२०१६) आणि हैदराबाद (२०२२), गूगलचे मुंबई (२०१७) आणि दिल्ली (२०२१), अ‍ॅझुरचा सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, ओरॅकलचे मुंबई आणि हैदराबाद, डिजिटलओशनचं बंगळूर. नकाशावर लातूर-नांदेडला हैदराबाद जवळ आहे, पण लाइनचा मार्ग नकाशा पाहून ठरत नाही. दुकानाच्याच लाइनवरून, बाजाराच्या वेळेत, प्रत्येक रिजनमधल्या चाचणी सर्व्हरला शंभर पिंग पाठवा. सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट पाच आकडे पाहा.

आयपीचा घोळही इथलाच. घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाइल हॉटस्पॉटचा आयपी बदलत राहतो, त्यामुळे फायरवॉलच्या यादीतला आयपी दुसऱ्या दिवशी लागू पडत नाही. वैतागून ०.०.०.०/० उघडं टाकू नका. त्याचा अर्थ जगाला दार उघडं. सुपाबेस या पोस्टग्रेस सेवेचा थेट पत्ता २०२४ पासून आयपीव्ही६ वर आहे. तुमच्या लाइनीवर आयपीव्ही६ नसेल तर त्यांच्या पूलरचा पत्ता वापरा किंवा आयपीव्ही४ ची सोय वेगळी विकत घ्या.

एवढं करून बदलायचंच असेल तर

फुकटच्या प्लॅनवर धंदा चालवू नका. सुपाबेसचा फुकट प्रोजेक्ट आठवडाभर वापर नसला की थांबवला जातो, आणि दिवाळीत मोंढा तेवढा बंद राहू शकतो. गूगलच्या शेअर्ड-कोअर मशीनना क्लाउड एसक्यूएलची एसएलए (सेवा चालू राहण्याची हमी) लागू नाही. वीसपंचवीस काउंटरसाठी २ ते ४ जीबी रॅम, स्थिर वेगाची डिस्क आणि मुंबई किंवा पुण्याचं रिजन एवढ्यावर सुरुवात चांगली होते.

मेंटेनन्सची वेळ स्वतः ठरवा. आरडीएसवर ती यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) लिहायची असते. सकाळचे सहा समजून ०६:०० टाकलं तर आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात, ऐन सौद्याची वेळ. रविवारी पहाटे तीन हवे असतील तर शनिवार २१:३० लिहा.

बिल रुपयांत मिळतं का ते विचारा, आणि ते तुमच्या जीएसटी नंबरवरच घ्या, नाहीतर १८ टक्क्यांचं क्रेडिट घेता येणार नाही. कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला १५,००० रुपयांच्या वर ओटीपी लागतो. हंगामात बिल त्यापुढे गेलं आणि ओटीपी मुंबईतल्या भाच्याच्या मोबाइलवर गेला, तर पैसे थकतात आणि सेवा बंद व्हायची पाळी येते. जुन्या आवृत्तीचा दंडही पाहा: आरडीएसवर मायएसक्यूएल ५.७ चा नेहमीचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला, त्यानंतर ती चालवायची तर दर व्हीसीपीयू-तासाला जादा आकार आहे.

स्थलांतराचा दिवस बाजार बंद असणारा निवडा. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्या त्यासाठी उत्तम, सगळे शेतातच असतात. आधी एकदा जुन्या बॅकअपवरून नव्या ठिकाणी पूर्ण रीस्टोर करून घड्याळ लावा. जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. त्या दिवशी जुना डेटाबेस फक्त-वाचनावर टाका, डंप घ्या, चढवा, मग प्रत्येक टेबलातल्या ओळी आणि पट्ट्यांच्या रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळवा. पोस्टग्रेसमध्ये चढवल्यावर अ‍ॅनालाइझ चालवायचं विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी क्वेऱ्या चुकीचा रस्ता धरतील.

प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचा पत्ता स्वतःच्या डोमेनवरच्या नावाने ठेवा आणि त्याचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आदल्या दिवशीच ६० सेकंदांवर आणा. टीएलएस प्रमाणपत्रावर मात्र कंपनीचंच नाव असतं, त्यामुळे व्हेरिफाय-फुल (प्रमाणपत्रावरचं नाव जुळवून पाहणारी सेटिंग) लावलं असेल तर स्वतःचं नाव चालणार नाही. अशा वेळी पत्ता एपीआय सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकाच जागी ठेवा. जुना डेटाबेस महिनाभर तसाच राहू द्या. आणि आरडीएस मशीन काढून टाकण्याआधी शेवटचा स्नॅपशॉट हाताने घ्या, कारण हाताने घेतलेला स्नॅपशॉट मशीन गेल्यावरही राहतो, आपोआप घेतलेले बॅकअप मात्र ते ठेवण्याचा पर्याय निवडला नाही तर मशीनबरोबरच जातात.